खाकीतला उपोसथ

वैशाख पौर्णिमेला भर दुपारी पुतण्याचा फोन आला. तो पुण्यात एका कंपनीत कायम रात्रपाळीला असतो. म्हणाला, "काका, तुम्ही ड्युटी करून अष्टशील पाळता म्हणे. मला साधी सकाळची वंदना होत नाही. तुम्हाला जमतं कसं?" मी येवल्याच्या स्टँडवर होतो. गाडी लागलेली, चालकाने दोनदा हॉर्न मारला. "लिहून पाठवतो," म्हटलं आणि फोन ठेवला. ते हे लिहिणं. अष्टशील म्हणजे उपोसथाच्या दिवशी, आपल्याकडे पौर्णिमेला, पाळायची आठ शिलं. त्याच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

मी एसटीत वाहक आहे. बावीस वर्षं होत आली. नाशिक–येवला, नाशिक–इगतपुरी, आणि महिन्यातून चार-सहा रात्री मुक्कामी गाडी. मी बौद्धाचार्य नाही, भंते तर नाहीच. विहारात चार शब्द बोलायला उभं केलं तर पाय लटपटतात. पण पैसे मोजता येतात. शील पाळणं हे पुष्कळसं भरण्याच्या खिडकीवर रोकड जुळवण्यासारखं आहे, असं मला दिसलंय. तेवढ्या अधिकारावर सांगतो.

वंदना: चार मिनिटं

आधी "वेळ मिळत नाही" याचा निकाल लावू. मी घड्याळ लावून बघितलंय. तीनदा 'नमो तस्स', मग त्रिशरण, मग पंचशील (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याची पाच शिलं), सावकाश म्हटलं तरी चार मिनिटं लागतात. 'इतिपि सो भगवा'पासून बुद्ध, धम्म, संघ अशा तिन्ही वंदना घेतल्या तर दहा. पहाटे पाच-दहाची गाडी असणाऱ्याकडेसुद्धा चार मिनिटं असतात. नसतं ते ध्यान. तोंडाने 'पाणातिपाता' चाललेलं असतं आणि मन बिल्ला शोधत असतं.

म्हणून वंदनेची तयारी आदल्या रात्री करायची. मी झोपण्याआधी गणवेश, बिल्ला, चष्मा, पाण्याची बाटली एका खुर्चीवर ठेवतो. डब्याची भाजी कोणती हेही बायकोशी रात्रीच बोलून घेतो. सकाळी उठून तोंड धुतलं की काही शोधायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही, सरळ बसायचं. एवढ्या एका बदलाने माझी वंदना टिकली. त्याआधी सात-आठ वर्षं ती सुरू व्हायची आणि आठवड्याभरात बंद पडायची.

दुसरं, अर्थ माहीत करून घ्या. माझ्या आईला सगळी वंदना तोंडपाठ होती, पण पाली शब्दांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. मीही तिशीपर्यंत तसाच पोपट. मग एका शिबिरात कळलं: 'वेरमणि' म्हणजे दूर राहणं, 'सिक्खापदं' म्हणजे शिकण्याची पायरी, 'समादियामि' म्हणजे मी अंगावर घेतो. यात कुणाचा हुकूम नाही. "चोरी करशील तर बघ" असं कुणी वरून दटावत नाही. मीच म्हणतोय की न दिलेलं न घेण्याचं शिक्षण मी आज पत्करतो. शिकाऊ वाहक पहिले काही दिवस चुकतो, तशा चुका यात धरलेल्याच आहेत. हे कळल्यावर रोज सकाळी तेच तेच म्हणण्याचा कंटाळा गेला. रोजची ड्युटी रोज घ्यावी लागते, तसंच हे.

घरी राहिलीच तर स्टँडच्या बाकावर मनातल्या मनात म्हणा. मूर्ती लागत नाही, मेणबत्ती लागत नाही. मोबाइलवर लावून ऐकणं मात्र मी वंदनेत धरत नाही. आपण स्वतः 'समादियामि' म्हटलं नाही तर अंगावर घेतलं कोणी?

तिकिटामागचे सहा रुपये

पाच शिलांपैकी कोणतं सगळ्यांत आधी धरावं? माझं म्हणणं, तुमच्या धंद्यात जे रोज दहा वेळा समोर येतं ते. माझ्यासाठी ते दुसरं, 'अदिन्नादाना'. न दिलेलं घेणं.

आता मशीनवर क्यूआर आल्यापासून सुट्ट्यांची भानगड कमी झाली, पण संपलेली नाही. प्रवासी शंभराची नोट देतो, माझ्याकडे सुटे नसतात, मी तिकिटाच्या मागे '६' लिहून गोल करतो आणि म्हणतो, "उतरताना घ्या." गाडी विंचूरला पोचते, माणूस झोपेतून उठतो, पिशवी सावरतो, उतरतो. सहा रुपये माझ्या बॅगेत. मी चोरले नाहीत. त्याने मागितले नाहीत. पण त्याने मला दिलेलेही नाहीत. पालीत चोरीला सरळ शब्द वापरता आला असता. 'अदिन्न' म्हणजे 'न दिलेलं' हा शब्द वापरलाय, आणि तो नेमका या सहा रुपयांवर बसतो.

नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मी हे पैसे चहाला वापरले. रोजचे वीस-तीस रुपये व्हायचे. त्याला मी मनात चोरी म्हणत नव्हतो, 'राहिलेले' म्हणायचो. एकदा निफाडला एक म्हातारी उतरली आणि धावत गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली. चालकाने कचकन ब्रेक मारला. तिचे सहा रुपये राहिले होते. मी खिडकीतून ओरडलो, "सहा रुपयांसाठी मरशील आज्जी!" ती म्हणाली, "तुला सहा असतील बाबा, मला जायचं भाडं हाय." गावात आत जायला रिक्षावाला दहा घ्यायचा, तिच्याकडे चारच होते. त्या दिवसापासून माझा चहा कडू झाला.

मग मी काय बदललं ते सांगतो. एक: तिकिटामागे लिहिलं की तोच आकडा माझ्या छोट्या वहीत, उतरायच्या गावासकट. 'विंचूर ६, येवला ४.' दोन: गाव यायच्या आधी मीच आवाज द्यायचा, "विंचूरवाले, सुटे घ्या!" तीन: ड्युटीला निघताना सुटे घरून न्यायचे. खिशातली स्वतःची रक्कम ड्युटीच्या आधी लिहून द्यावी लागते, ती नीट लिहायची, मग मिसळण्याची भीती नाही. तरी जे उरतात ते भरण्यात जास्तीचे म्हणून भरायचे. खिडकीवरचा माणूस सुरुवातीला हसायचा. आता विचारतो, "आज किती राहिले?"

तुम्ही वाहक नसाल. पण प्रत्येक नोकरीत तिकिटामागचे सहा रुपये असतात. ऑफिसातला प्रिंटर, खोटं प्रवास-बिल, घरून काम करताना फक्त हलता ठेवलेला माउस. पुतण्याने स्वतःहून माउसचं कबूल केलं, म्हणून लिहितोय. आपल्या कामात ते कुठे आहे हे शोधायला एक आठवडा द्या, आणि पहिले तीन महिने तेवढंच धरा.

जिभेचं

चौथं शील 'मुसावादा'. लोक याला फक्त खोटं बोलणं समजतात. बुद्धांनी वाचेचे दोष चार सांगितलेत: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. माझं भांडण तिसऱ्याशी.

पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, पाच ते बाराला हाफ. त्यामुळे आमच्या गाडीत पोरं पाच वर्षांची होतच नाहीत. आई सांगते, "साडेचार पूर्ण." मी पोराला विचारायचो, "बाळा, कितवीत?" पोरगं छाती फुगवून म्हणायचं, "दुसरीत!" सगळी गाडी हसायची. मला फार मजा यायची. आईचं तोंड बघायला मी कधी थांबलो नाही.

खोटं तिचं होतं, हे खरं. पण तिला चाळीस माणसांत उघडं पाडणं हे माझं 'फरुसावाचा' होतं, आणि त्यात पोराला साक्षीदार केलेलं. आता मी वाकून हळू आवाजात म्हणतो, "ताई, याचं हाफ लागेल." दहापैकी आठ जणी मुकाट पैसे काढतात. दोघी भांडतात. त्यांच्याशी मीही कधीकधी भांडतो. आवाज अजून चढतो. त्याची नोंद संध्याकाळी.

पाचव्या शिलाबद्दल एकच. भावकीत हळदीला ग्लास पुढे येतो तेव्हा लोक सांगतात, "गोळ्या चालू आहेत." पाचवं वाचवायला चौथं मोडलं! शिवाय पुढच्या हळदीला विचारतात, "संपल्या का गोळ्या?" सरळ "मी घेत नाही" म्हणा. दोन वेळा टोमणे पडतात, तिसऱ्यांदा तुमच्यापुढे थम्सअप येतो.

पहिल्या शिलावरून आपल्यात मटणाचा वाद हमखास निघतो. भिक्खूंना भिक्षेत आलेलं मांस आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर वर्ज्य होतं, एरवी नाही. मी मासे खातो, पौर्णिमेला खात नाही, आणि या वादात पडत नाही. तिसरं शील ज्याचं त्याने आपल्या घरी खरं बोलून तपासावं.

संध्याकाळचा भरणा

बुद्धांचा मुलगा राहुल लहान असताना बुद्धांनी त्याला भांड्यातलं उरलेलं थोडंसं पाणी दाखवलं. जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण एवढंच उरतं, असं सांगितलं. मग ते पाणी फेकून दिलं आणि भांडं पालथं घातलं. पुढे विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच काम करण्याआधी बघ, करताना बघ, केल्यावर बघ, यात मला किंवा दुसऱ्याला त्रास आहे का.

करण्याआधी बघणं मला अजून साधलेलं नाही. केल्यावर बघणं जमतं, कारण माझ्या धंद्यात ते रोजचंच आहे. रोकड मोजून झाली, पावती घेतली, की मी बाकावर दोन मिनिटं थांबतो. वहीच्या मागच्या पानावर पाच उभ्या रेघा. जिथे घसरलो तिथे टिंब. 'घोटी, कॉलेजची पोरं, आवाज.' बास. टिंबावर रडायचं नाही आणि टिंब नाही म्हणून फुगायचं नाही. महिन्याने पान उलटलं की दिसतं, माझी टिंबं बहुतेक सगळी चौथ्या रेघेवर आणि बहुतेक दुपारी तीन ते पाच. म्हणजे भूक आणि ऊन. त्यावर उपाय प्रवचनात नव्हता. दुपारी दोनला एक केळं खाल्लं की टिंबं निम्मी होतात. (पौर्णिमा सोडून. त्याचं पुढे येतंच.)

नाकाच्या शेंड्यावर

इगतपुरीच्या गाडीत पाठीवर मोठ्या बॅगा घेतलेली माणसं हमखास असतात. "धम्मगिरीला जायला कुठे उतरायचं?" मी वर्षानुवर्षं त्यांना उतरवत होतो. गोएंका गुरुजींचं विपश्यना ध्यानाचं केंद्र आपल्या गाडीच्या शेवटच्या स्टॉपवर, आणि आपण आत पाऊल ठेवलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी रजा टाकली आणि गेलो.

जाणाऱ्यांसाठी कामाचं तेवढं सांगतो. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, म्हणून रजा बारा दिवसांची टाका. नाव आधी नोंदवावं लागतं. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावर, मनात असेल तर. मोबाइल जमा. नऊ दिवस आर्य मौन, शेजारच्याशी खाणाखुणासुद्धा नाहीत. पहाटे चारला घंटा. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येता-जाता श्वास बघणं, मग विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना बघणं. मनाचा काही मोठा आजार असेल, गोळ्या चालू असतील, तर अर्जात लपवू नका आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं. मला दुसऱ्याच दिवशी वाटलं. खोलीतून आमच्याच डेपोच्या गाडीचा हॉर्न ऐकू आल्यासारखं व्हायचं.

परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात. माझ्याकडून तीन आठवडे झालं. त्यानंतर पूर्ण बंद पडलं, कारण तास नाही तर काहीच नाही असं मी धरून बसलो. वर्षभराने परत सुरू केलं ते वीस मिनिटांनी, आणि ते टिकलंय.

बाकी गाडीत. वाडीवऱ्हे ते घोटी तिकिटं झालेली असतात. मी माझ्या जागेवर टेकतो, बॅग मांडीवर, हात बॅगेवर. डोळे उघडेच. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जी जागा आहे तिथे श्वास लागतो का बघायचं. आत जाताना गार, बाहेर येताना किंचित कोमट. डाव्या नाकपुडीतून चाललाय की उजव्या? श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही. मन घराच्या हप्त्यावर गेलं तर गेलं, कळलं की परत आणायचं. स्वतःला शिव्या न देता. घोटी येईपर्यंत दहा-बारा वेळा परत आणलं तर ती चांगली फेरी. चाकावर असताना मात्र हे करू नका. चालकाचं ध्यान रस्त्यावर. दुचाकीवाल्यांनाही तेच सांगणं.

आपल्यातले काही जण विचारतात, बाबासाहेबांनी डोळे मिटून बसायला सांगितलं होतं का? त्यांची भीती मला कळते. माणूस मिटल्या डोळ्यांनी अन्याय विसरेल, ही ती भीती. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ज्या २२ प्रतिज्ञा झाल्या त्यांत अष्टांगिक मार्ग आहे, आणि त्या मार्गात सम्यक स्मृती (सजग राहणं) नि सम्यक समाधी (मन एकाग्र करणं) आहेत. माझा अनुभव साधा आहे: ज्या दिवशी सकाळी बसतो त्या दिवशी जातीवरून कुणी बोललं तर मी थरथरत नाही. नीट शब्दांत उत्तर देतो, आणि ते जास्त लागतं.

पौर्णिमा, डबा आणि साबुदाणा

आता पुतण्याचा मूळ प्रश्न.

अष्टशिलात पंचशिलातलं तिसरं बदलतं, त्या दिवसापुरतं पूर्ण ब्रह्मचर्य. वर तीन जास्तीची: विकाल भोजन नाही, म्हणजे मध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवण नाही. नाच-गाणी-तमाशे, हार-अत्तर, नटणं नाही. आणि उंच, मऊ बिछाना नाही. उपोसथ अमावास्येला आणि अष्टमीलाही असतो, आपल्याकडे बहुतेक घरांत पौर्णिमा धरतात. तेवढीच आधी धरा.

वर्षाच्या बारा-तेरा पौर्णिमा मी कपाटाच्या दारावर आतून लिहून चिकटवतो. पौर्णिमा आणि साप्ताहिक सुट्टी क्वचितच एकत्र येते, त्याची वाट बघू नका. मी ड्युटी बदलूनही मागत नाही. दर महिन्याला कुणाला तरी आपल्या धर्मासाठी अडचणीत टाकायचं, हे काही पटत नाही. पांढरे कपडेही घालायला मिळत नाहीत. विहारातल्या आज्ज्या पांढऱ्या साडीत ओळीने बसलेल्या असतात तेव्हा मी खाकीत निफाडला शिट्टी मारत असतो.

जेवणाचं गणित असं. सकाळी सातला चहा आणि दोन पोळ्या. मुख्य डबा अकरा ते साडेअकरा, जिथे गाडी थांबेल तिथे. बारा वाजता डबा बंद म्हणजे बंद. डब्यात बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. तेलकट-तिखट नको, दुपारी तहान लागते. त्यानंतर पाणी आणि लिंबू-साखरेचं पाणी. दुधाच्या चहाबद्दल ठिकठिकाणी वेगवेगळं मानतात, मी बारानंतर घेत नाही. चार वाजता येवल्याच्या स्टँडवर भेळ-भत्तेवाला कांदा चिरायला घेतो, तो अर्धा तास अवघड. तिथेच खाली उतरू नका. गाडीत बसून तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल पूर्ण करा.

सहकारी प्रेमाने छळतात. एक चालक एकादशी करतो. तो दुपारी तीनला स्वतःच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी पुढे करतो. "उपासाला चालते की!" त्याला समजवायला मला तीन पौर्णिमा लागल्या. उपासात काय खायचं हे बघतात, आमच्या उपोसथात कधी थांबायचं हे बघतात. मुळात शब्द 'उपवसथ', जवळ राहणं. त्या दिवशी शिलाच्या जवळ राहायचं. खिचडी साडेअकराला दिली असती तर मी दोन वाट्या खाल्ल्या असत्या. आता तो खरंच साडेअकराला देतो.

मुक्कामी गाडीला पौर्णिमा आली तर सोन्याहून पिवळं. रात्री नऊला गाडी गावात शाळेजवळ उभी राहते. एरवी जेवणाची सोय काय हा घोर असतो, त्या दिवशी तो मिटलेलाच. आणि उच्चासयनाचं, म्हणजे उंच बिछान्याचं म्हणाल तर गाडीच्या दोन सीटांमध्ये वाटेवर सतरंजी टाकून झोपणाऱ्याला आठवं शील मुद्दाम पाळावं लागत नाही. खिडकीतून चंद्र दिसतो, कुत्री भुंकतात, चालक घोरतो. प्रवाशांच्या मोबाइलवर दिवसभर वाजणारी गाणी तेव्हा कुठे थांबलेली असतात. ती वाजतात म्हणून दिवसा कुणावर डाफरायचं नाही. सातवं शील मी घेतलंय, त्यांनी नाही.

मोडलं तर? एका श्रावणात गाडी बंद पडली आणि डबा दुसऱ्या गाडीत. डबा हाती आला तेव्हा सव्वाएक. डोकं गरगरत होतं, मी जेवलो. पूर्वी मी "आता मोडलंच" म्हणून रात्रीही जेवलो असतो. त्या दिवशी बाकीची सात संध्याकाळपर्यंत सांभाळली आणि वहीत टिंब टाकलं. ज्यांना साखरेचा आजार आहे, गोळ्या जेवणावर आहेत, बाई गरोदर आहे, त्यांनी सहावं घेऊच नये.

आणि पुतण्या, तुझं वेगळं आहे. पहाटे पाचला झोपणारा माणूस बाराच्या आत जेवायला उठला तर झोप मोडणार आणि रात्री कामावर चुका होणार. तू पौर्णिमेला पंचशील घे, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी महिन्यातून एकदा अष्टशील. तिथी चुकली म्हणून शील चुकत नाही. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्याकडे विहारात संध्याकाळी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. तुला जाता येणार नाही. रात्री कामाच्या मधल्या सुट्टीत दोन पानं वाच. मी मुक्कामाच्या गाडीत बॅटरीच्या उजेडात तेवढंच वाचतो.

पगाराचे चार भाग

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितलंय: मिळकतीचे चार भाग कर. एक खर्चाला, दोन कामधंद्यात घाल, चौथा अडीअडचणीला ठेव. मी पहिल्यांदा हे पगाराच्या चिठ्ठीवर लावलं तेव्हा हसलो. एका भागात घर चालवायचं? पण 'कामधंद्यात' म्हणजे पुढे उभं करणारं, असं धरलं की पोरीची फी आणि घराचा हप्ता त्या दोन भागांत बसतात. चौथा भाग पूर्ण निघत नाही, दहावा निघतो. बाबासाहेबांनी विसावा हिस्सा धम्मकार्याला मागितला होता. तो मी पगार झाल्या दिवशी आधी काढतो, शेवटी काढायचा म्हटलं तर काही उरतच नाही.

सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर जा. लोक पांडवलेणी म्हणतात. दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. मला ती लिपी वाचता येत नाही, पण भाषांतर वाचलं तेव्हा वाहकाचं डोकं लगेच चाललं. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली, त्यातले दोन हजार गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल कधी काढायची नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, दरसाल प्रत्येकी बारा. मी तिथेच पायरीवर बसून हिशोब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही.

येत्या पौर्णिमेला माझी गाडी मुक्कामी आहे. डबा एकच, पण भाकऱ्या दोन जास्त सांगितल्यात. एकादशीवाला चालक सोबत आहे, तो साडेअकराला येणार.